गोरेवाड्याचे जागे अस्वल: चौथीच्या वर्गातील शीतनिद्रेच्या पाठाचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

नागपूरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासात प्राण्यांचे अनुकूलन शिकवताना डिसेंबर महिन्यात जी अडचण उभी राहिली आणि तिच्यातून पाठाची जी फेरमांडणी झाली, तिची ही नोंद आहे. शिक्षक प्रशिक्षणाच्या कामामुळे मला या वर्गात बसण्याची, पाठाच्या आधी व नंतर वर्गशिक्षिकेशी बोलण्याची आणि मुलांच्या वह्या पाहण्याची संधी मिळाली. शाळा, शिक्षिका व मुले यांची नावे येथे दिलेली नाहीत. वर्गातील बहुतेक मुले काटोल रोड, दाभा आणि गोरेवाडा या भागांत राहणारी होती. काहींची कुटुंबे कामासाठी भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतून आलेली होती, आणि ही गोष्ट पुढे पाठाच्या फार उपयोगी पडली.

शिक्षिकेने पाठाची तयारी मनापासून केली होती. इंटरनेटवरून काढलेल्या चित्रांच्या पानांवर बर्फाने झाकलेला डोंगर, गुहेत झोपलेले तपकिरी अस्वल, पाल्याखाली गुंडाळून पडलेला काटेरी साळूसारखा प्राणी आणि ढोलीत झोपलेली खार होती. मुलांनी ती पाने रंगवली आणि ती वर्गाच्या भिंतीवर लागली. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरून त्यात हात घालायचा आणि तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, हा सर्वत्र केला जाणारा प्रयोग झाला. तुपातला हात कमी गारठतो हे पाहून मुलांना आनंद झाला. शेवटी फळ्यावर एक वाक्य लिहिले गेले आणि ते सर्वांनी वहीत उतरवले: ‘थंडी पडली की अस्वल गुहेत जाऊन झोपते.’

यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गाची सहल गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानात गेली. २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या या उद्यानात अस्वलांसाठी स्वतंत्र सफारी आहे. त्या सकाळी मुले स्वेटर आणि कानटोप्या घालून बसमध्ये बसली होती, आणि बाहेर अस्वल व्यवस्थित जागे होते, इतकेच नव्हे तर पुढच्या पायांच्या नख्यांनी माती उकरण्यात पूर्ण गुंतलेले होते.

वर्गात परतल्यावर मुलांनी या विसंगतीची तीन स्पष्टीकरणे दिली. एका मुलाचे म्हणणे होते, “मॅडम, बसच्या आवाजानं त्याला झोपच लागत नसन.” काहींना ते अस्वल आजारी असावे असे वाटले. तिसरे स्पष्टीकरण वर्गात शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मुलीने दिले: अजून पुरेशी थंडी पडलेली नाही, आणखी पडली की ते झोपेल. ही तिन्ही उत्तरे फळ्यावरच्या वाक्याशी पूर्णपणे सुसंगत होती. मुलांनी पाठ नीट ऐकला होता आणि त्यावरून तर्कही बरोबर चालवला होता.

अडचण कुठे होती

शिक्षिकेने लगेच दिलेले उत्तर असे होते की, चित्रातले अस्वल वेगळ्या जातीचे आहे आणि आपल्याकडचे वेगळ्या जातीचे; आपले अस्वल शीतनिद्रा घेत नाही. हे खरे आहे. परंतु या उत्तराने कोण झोपते आणि कोण झोपत नाही याची यादी तेवढी मिळते, कारण मिळत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला यादीपेक्षा कारणाची भूक अधिक असते. शिवाय त्या मुलीचे स्पष्टीकरण यामुळे खोडले गेले नाही. तिने लावलेला तर्क तपासून पाहण्याजोगा होता. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. केवळ थंडीनेच अस्वले झोपत असती, तर अशा रात्रींनी विदर्भातील अस्वलांना गुहेत धाडले असते. तसे होत नाही. पेंच आणि ताडोबाच्या जंगलांतील अस्वले हिवाळाभर अन्नाच्या शोधात हिंडतात.

माझ्या मते मूळ गफलत पाठाच्या मांडणीतच होती. रंगवायची पाने, तुपाचा प्रयोग आणि फळ्यावरचे वाक्य या तिन्हींनी मिळून मुलांच्या मनात एकच समजूत पक्की केली: थंडी वाजते म्हणून प्राणी झोपतो आणि चरबी हे त्याचे पांघरूण असते. वह्यांमध्ये अनेकांनी ‘चरबी म्हणजे अस्वलाचा स्वेटर’ असे लिहिले होते. चरबीमुळे ऊब टिकते यात खोटे काही नाही, आणि सील किंवा देवमासा यांच्याबद्दल बोलताना तुपाचा प्रयोग योग्यच ठरतो. परंतु शीतनिद्रेतील प्राण्याच्या बाबतीत चरबीचे पहिले काम इंधनाचे आहे. काही महिने बाहेरून एक घासही मिळणार नसतो, आणि तेवढ्या काळासाठीची शिदोरी प्राणी अंगावर बांधून ठेवतो. तुपाच्या पिशवीने ही गोष्ट मुळीच दिसत नाही. तो प्रयोग लोकप्रिय आहे आणि करायला सोपा आहे, म्हणून तो जिकडेतिकडे केला जातो. तो नेमके काय सिद्ध करतो याचा विचार क्वचितच होतो.

रंगवायच्या पानांतील खारीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. झाडांवर राहणाऱ्या खारी थंड देशांतही शीतनिद्रा घेत नाहीत. त्या साठवलेल्या दाण्यांवर हिवाळा काढतात. शीतनिद्रा घेतात त्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी. शाळेच्या आवारातील कडुनिंबावर भर जानेवारीत खारी धावत असताना भिंतीवर झोपलेली खार लावली, तर मुलाने विश्वास कोणावर ठेवायचा?

पाठाची फेरमांडणी

पाठ पुन्हा घ्यायचा असे ठरल्यावर आम्ही सुरुवात झोपेने न करता पोटाने केली. शिक्षिकेने विचारले की, गोरेवाड्यातले अस्वल माती कशासाठी उकरत होते. वाळवी आणि मुंग्या, हे उत्तर दोघातिघांकडून आले. मग तिने अस्वलाच्या तोंडाची रचना सांगितली: प्रौढ अस्वलाला वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, आणि माती आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटू शकते. मुले ओठांचा चंबू करून हवा ओढून पाहू लागली आणि वर्गात बराच गोंधळ झाला. त्या गोंधळातच ‘अस्वल काय खाते’ हा विषय पक्का झाला.

त्यानंतर एका मोठ्या कार्डशीटवर बारा महिन्यांचे रकाने आखून आपल्या भागातील अस्वलाला कोणत्या महिन्यात काय मिळते ते मुलांनी भरले. वाळवी आणि मुंग्या बाराही महिने. हिवाळ्यात बोरे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, त्यानंतर तेंदूची फळे आणि पावसाच्या तोंडावर जांभळे. मोहाबद्दल सांगताना भंडाऱ्याकडच्या मुलांचा आवाज चढला, कारण पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसाची आणि अस्वलाची गाठ पडल्याच्या गोष्टी त्यांनी घरी ऐकलेल्या होत्या. बारा रकान्यांतील एकही रकाना रिकामा राहिला नाही.

याच्या खाली तसाच दुसरा तक्ता लडाखमधील तपकिरी अस्वलासाठी आखला गेला. तेथे उन्हाळ्यात गवत, कंदमुळे आणि लहान प्राणी मिळतात. हिवाळ्यात जमीन गोठते आणि बर्फ सारे झाकून टाकतो. एकामागून एक रिकामे रकाने मुलांनी आपल्या हाताने सोडले. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर शिक्षिकेला फारसे बोलावे लागले नाही. ज्या मुलीने ‘अजून थंडी पुरेशी नाही’ असे म्हटले होते, तीच म्हणाली की, तिथल्या अस्वलाला उठून तरी काय करायचे आहे.

पुढचा भाग ऊर्जेचा होता आणि तो चौथीच्या मुलांना शब्दांनी समजावणे कठीण असते. दिवाळीत उरलेल्या दोन सारख्या पणत्या घेऊन त्यांत सारखेच तेल मोजून घातले गेले. एकीत जाड वात, दुसरीत बारीक. दोन्ही शिक्षिकेच्या टेबलावर, मुलांच्या हातापासून दूर ठेवल्या होत्या. मधली सुट्टी होण्याआधी जाड वातीची पणती विझली. बारीक वातीची सुट्टीनंतरही जळत होती. तेल तेवढेच असले तरी ते किती दिवस पुरणार हे वातीवर ठरते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. तुपाच्या पिशवीला हा पर्याय मला अधिक योग्य वाटतो, कारण ज्योत बारीक झाली तरी विझत नाही, म्हणजेच शीतनिद्रेतील प्राणी जिवंत असतो आणि थोडे थोडे खर्च करत असतो, हेही यात आपोआप येते.

मग आकड्यांची पाळी आली. अलास्कामध्ये काळ्या अस्वलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की, शीतनिद्रेत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ५५ वरून १४ पर्यंत उतरतात आणि शरीराचा ऊर्जाखर्च एरवीच्या विश्रांतीतील खर्चाच्या चौथ्या हिश्श्यावर येतो, परंतु शरीराचे तापमान ३० अंशांच्या खाली फारसे जात नाही. मुलांनी आधी स्वतःची नाडी मोजली. नंतर शिक्षिकेने घड्याळ पाहून मिनिटाला चौदा या हिशोबाने टाळ्या वाजवल्या आणि मुलांनी प्रत्येक टाळीला बाकावर एक थाप दिली. दोन थापांमधले अंतर इतके लांब होते की, मागच्या बाकांवरची मुले अधीर होऊन मधेच थाप देऊ लागली. लहान प्राण्यांची गोष्ट यापेक्षा टोकाची असते, हेही सांगितले गेले: आर्क्टिक प्रदेशात जमिनीत राहणाऱ्या खारीच्या शरीराचे तापमान शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरते, आणि तरीही ती दोनतीन आठवड्यांनी अंग तापवून काही तास पूर्ववत होते व पुन्हा थंड पडते.

याच वेळी एका मुलाने विचारलेला प्रश्न संपूर्ण पाठातील सर्वांत अवघड होता: “मग ती वात बारीक कोण करते?” पणतीच्या प्रयोगात वात माणूस निवडतो. प्राण्याच्या शरीरात हे काम अंतर्गत घड्याळ, दिवसाच्या उजेडाची लांबी आणि शरीरातील रसायने मिळून करतात. काही जातींच्या जमिनीवरील खारींना प्रयोगशाळेत वर्षभर सारखे तापमान, सारखा उजेड आणि भरपूर अन्न दिले तरी त्या साधारण वर्षाच्या चक्राने शीतनिद्रेत जातात. याउलट प्राणिसंग्रहालयातील अस्वले, रोज अन्न मिळत असेल तर, पुष्कळदा पूर्ण हिवाळा झोपत नाहीत. म्हणजे अन्नाची टंचाई हे या सवयीच्या मुळाशी असलेले कारण आहे. ती सवय दरवर्षी सुरू होण्याची खूण मात्र प्रत्येक प्राण्यात एकसारखी नाही. चौथीच्या वर्गात हा भेद संपूर्ण उलगडणे आवश्यक नाही. तरीही ‘थंडी म्हणजे झोप’ हे सूत्र मोडून ‘अन्न नाही म्हणजे झोप’ असे दुसरे तितकेच आखूड सूत्र फळ्यावर लिहिले जाऊ नये, असा आग्रह मी धरला. शिक्षिकेने मुलाला सांगितले की, काही प्राण्यांच्या शरीरातच वर्षाचे घड्याळ असते आणि काही प्राणी परिस्थिती पाहून ठरवतात. एवढे त्याला पुरले.

आपल्या अस्वलाबाबतही एक पुस्ती जोडावी लागली. भारतात अस्वलाची पिल्ले बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जन्मतात आणि त्या काळात मादी पिल्लांजवळ गुहेत राहते. त्यामुळे एखाद्या हिवाळ्यात जंगलात अस्वल दिसले नाही, तर ते झोपले असा अर्थ काढू नये.

मे महिन्याचा रिकामा रकाना

फेरमांडणीतील सर्वांत फलदायी भाग आम्ही योजलेला नव्हता. दोन्ही तक्ते भिंतीवर लागल्यावर शिक्षिकेने सहज विचारले की, नागपुरात रिकामा रकाना कोणासाठी असेल आणि कोणत्या महिन्यात. जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात, त्या शहरातील मुलांना उत्तर शोधावे लागले नाही. मे महिना, असे वर्ग एका सुरात म्हणाला. मग मे महिन्यात कोण दिसत नाही? बेडूक. गांडूळ. गोगलगाय.

शीतनिद्रेच्या पाठाला विदर्भात येथूनच सुरुवात व्हायला हवी, असे मला आता वाटते. बेडूक मातीत खोल जाऊन बसतो, शरीराचे काम मंदावतो आणि पहिल्या जोरदार पावसानंतर बाहेर येतो. मोठ्या बेडकांतील नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात, हे मुलांनी पाहिलेले असते. धानाच्या बांध्यांतील गोगलगाय चिखलात शिरून शिंपल्याच्या तोंडाला झाकण लावून घेते. येथे पाण्याची टंचाई आहे, लडाखमध्ये अन्नाची. परंतु कठीण काळ काटकसरीने काढणे हा मार्ग तोच. ग्रीष्मनिद्रा मुलांना अनुभवाने ठाऊक असते आणि शीतनिद्रा केवळ चित्रांतून, तरीही आपण नेहमी दुसरी आधी शिकवतो.

एरवी फारसा न बोलणारा, पवनीकडून आलेला एक मुलगा यावेळी उभा राहिला. “मॅडम, आमच्या आबाजीकडे कोसे टांगून ठेवते. पाऊस आल्याशिवाय त्यातून काहीच निघत नाही.” भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवले जातात. हंगामाच्या अखेरीस तयार झालेल्या कोशांतील जीव लगेच पतंग होऊन बाहेर पडत नाही. तो हिवाळा आणि संपूर्ण उन्हाळा कोशातच थांबतो, आणि पावसाळी हवा सुरू झाल्यावर बाहेर येतो. बियाण्यासाठी राखलेल्या अशा कोशांच्या माळा करून टांगतात. पतंग एप्रिलमध्ये निघाला, तर त्याच्या अळ्या रखरखीत उन्हात आणि पाने झडलेल्या ऐनावर जगणार कशा, हा प्रश्न शिक्षिकेने उलटून विचारला तेव्हा वर्गाने अस्वलाच्या तक्त्याकडे बोट दाखवले. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी एक रिकामा कोसा आणून दाखवला आणि तो दिवसभर हातोहात फिरला.

पाली आणि पाहुणे पक्षी

उरलेले दोन मुद्दे थोडक्यात झाले. मुलांना घरी संध्याकाळी ट्यूबलाइटजवळ किती पाली दिसतात ते पाहून यायला सांगितले होते. बहुतेकांना एकही दिसली नाही. ज्यांना दिसल्या त्यांना त्या स्वयंपाकघरात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम भागाजवळ दिसल्या. पालीला शरीर आतून तापवता येत नाही, भोवतालच्या उबेवर तिचे चलनवलन अवलंबून असते, त्यामुळे येथे थंडी हेच थेट कारण ठरते. अस्वलाच्या उलट असे हे उदाहरण त्याच पाठात येणे आवश्यक होते; अन्यथा मुलांनी थंडीला एकदम निर्दोष ठरवले असते.

पक्ष्यांबद्दलचा प्रश्न अपेक्षितच होता: इथेही थंडी असते, मग पक्षी थंडीतच इकडे का येतात? पट्टकदंब हंस तिबेट, लडाख आणि मंगोलियाच्या उंच पठारांवर वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतो. विदर्भातील तलावांवरही तो उतरतो. तिकडची तळी गोठतात, आपली गोठत नाहीत, आणि काठच्या शेतांत कोवळे गवत व दाणे असतात. अंबाझरी आणि फुटाळा तलाव मुलांच्या परिचयाचे असल्यामुळे ‘गोठलेला फुटाळा’ अशी कल्पना करायला सांगणे पुरेसे ठरले.

मूल्यमापन आणि एक मतभेद

लेखी मूल्यमापनात दोन प्रश्न होते. आपल्या जंगलातील अस्वल हिवाळ्यात का झोपत नाही, या पहिल्या प्रश्नाला बहुतेक मुलांनी वाळवी आणि बोरे यांचा आधार घेत उत्तर दिले. काहींनी ‘इथे थंडी कमी असते’ असेच लिहिले. ही तीच मुले होती जी तक्ता भरण्याच्या दिवशी गैरहजर होती किंवा ज्यांच्या वहीत फळ्यावरचे जुने वाक्य अजून खोडलेले नव्हते. जुने वाक्य पुसण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो, नवीन वाक्य शेजारी लिहिणे पुरत नाही, हे येथे स्पष्ट दिसले.

दुसरा प्रश्न असा होता की, थंड प्रदेशातील अस्वलाला प्राणिसंग्रहालयात हिवाळाभर रोज पोटभर अन्न दिले तर काय होईल. ‘झोपणार नाही, कारण खायला मिळते’ हे उत्तर आम्हांला अपेक्षित होते आणि ते पुष्कळांनी लिहिले. परंतु एका मुलीने लिहिले, ‘थोडे झोपेल, कारण त्याच्या अंगात घड्याळ पण असेल.’ शिक्षिका तिला निम्मे गुण देणार होती, कारण उत्तर नमुन्याशी जुळत नव्हते. मी पूर्ण गुणांचा आग्रह धरला: प्राणिसंग्रहालयांतील अस्वले पुष्कळदा हिवाळ्यात मंदावतात, कमी खातात आणि अधिक झोपतात, आणि वर्गात अस्वलांसाठी न सांगितलेली गोष्ट तिने खारींच्या उदाहरणावरून स्वतः ताडली होती. चर्चेअंती तिला पूर्ण गुण मिळाले, आणि नमुना उत्तरातही दुसरी शक्यता नोंदवली गेली.

पुढील वर्षासाठी पाठ दोन भागांत घेण्याचे ठरले आहे. ग्रीष्मनिद्रेचा भाग शाळा उघडल्यावर लगेच आणि शीतनिद्रेचा भाग डिसेंबरमध्ये होईल. पहिल्या भागात एक व्यावहारिक अडचण आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि बेडूक तोवर पुष्कळदा बाहेर पडलेले असतात. त्यामुळे यंदा तिसरीतून चौथीत जाणाऱ्या मुलांना उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वीच एक छापील चिठ्ठी दिली जाईल. पहिला जोरदार पाऊस कोणत्या तारखेला पडला, त्या रात्री बेडकांचा आवाज आला का, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात किंवा शेतात काय काय दिसले, एवढे तिच्यावर लिहून आणायचे आहे. गावी गेलेल्या मुलांनी गावाचे नावही लिहायचे आहे.